उभ्या गाडीची कॉइल

“मग कॉइल पुन्हा पुन्हा जळती कशानं, उस्ताद?”

लिंबाखाली टाकलेल्या मोटारीच्या जुन्या सीटवर बसून दस्तगीर उस्ताद चहा पीत राहिले. हातात पाना धरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण जयसिंगपुरातले निम्मे मेकॅनिक अडलं की अजून त्यांच्याकडेच येत.

विचारणारा श्रीपाल चौगुले त्यांचाच चेला. आता त्याचं स्वतःचं गॅरेज होतं, भिंतीवर मीटर टांगलेले होते. आपलंही चुकू शकतं हे त्याला मान्य होतं. फक्त तशी वेळ अजून आली नव्हती.

काय काय केलं ते त्यानं भराभर सांगितलं. प्लग नवे. वायरी नव्या. पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, अर्थिंग बघितलं, चार्जिंग मोजलं. तरी थोडे दिवस गेले की प्लगला ठिणगी पुरवणारा तो डबा आतून भाजून निघतो. आज पुन्हा नवा बसवला होता.

“गाडी कुणाची?”

“हेरवाडे अण्णांची. एसटीत क्लार्क होते बघा. मी सांगून टाकलं, जुनी झालीय, विका. सोमवारी गिऱ्हाईक येतंय.”

“काय म्हणाला?”

“काहीच न्हाई. स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले.”

उस्तादांनी कप खाली ठेवला.

“रस्त्यात बंद पडती?”

“रस्त्यात कधीच न्हाई. सकाळी दारातच चालू होत न्हाई. बॅटरीपण सकाळी जरा मलूल असती.”

“मग दारात काय होतंय ते बघितलास?”

श्रीपाल हसला. दारात काय होणार? गाडी उभी असते.

“चल,” उस्ताद म्हणाले. “उभी बघू.”

गाडी पोचवायची होतीच. उस्ताद न विचारता पुढच्या सीटवर बसले.

हेरवाडे अण्णांचं घर लहान, पुढे पत्र्याचं पोर्च, त्यापुढे फाटक. अण्णांनी पाणी दिलं, आभार मानले. आता पाहुण्यांनी निघावं अशा बेतानं ते उभे राहिले.

उस्ताद पायरीवर बसले.

पाणी पिऊन झालं. श्रीपालनं डोळ्यांनी खुणावलं. उस्तादांना ते दिसलं नसेल असं नाही.

ऊन कलत गेलं. अण्णा सारखे घरात बघत होते. तुम्हाला उशीर होत असेल, असं त्यांनी सुचवून बघितलं.

“न्हाई,” उस्ताद म्हणाले, “निवांत हाय.”

...

दार उघडलं. अण्णांच्या पत्नी पद्माकाकू बाहेर आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन. कुणाकडे न बघता त्या सरळ फाटकाशी गेल्या आणि कडी काढू लागल्या.

“आई वाट बघत असंल,” त्या म्हणाल्या. “निपाणीला पोचायला पाहिजे अंधाराच्या आत.”

काकूंचे केस पांढरे झाले होते. त्यांची आई जाऊन किती काळ लोटला असेल याचा हिशेब श्रीपाललाही कळत होता.

अण्णांचा चेहरा उतरला. इतके दिवस झाकून ठेवलेलं दोन परक्या माणसांसमोर उघडं पडलं होतं. मग रोज जे करत आले तेच त्यांनी केलं. काकूंच्या हातातली पिशवी घेतली.

“पायी कशाला? गाडी काढलीय की.”

त्यांनी काकूंना पुढे बसवलं, आपण स्टेअरिंगला बसले आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू केलं नाही. संध्याकाळनंतर त्यांना रस्ता दिसत नसे. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला, छोटा पंखा फिरू लागला. काकूंनी मान मागे टेकली.

श्रीपाल ताडकन उठला.

इंजिन बंद आणि किल्ली चालू. असल्या जुन्या गाडीत करंट कॉइलमध्ये जात राहतो आणि कॉइल तापत राहते. रोज, संध्याकाळभर. सापडलं होतं. तो सांगायला पुढे झाला.

उस्तादांनी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं गाडीचं मागचं दार उघडलं, आत बसले आणि त्यालाही आत ओढलं.

चौघं उभ्या गाडीत बसले.

“मागं कोण बसलंय?” काकूंनी विचारलं.

“आमालाबी तिकडंच जायचंय, बाई,” उस्ताद म्हणाले.

काकूंना बरं वाटलं. सोबत असलेली बरी, म्हणाल्या. मग त्या वाटेबद्दल बोलत राहिल्या. कुठे वळण आहे, कुठे चिंचा आहेत, वेशीपाशी बापाची तंबाखूची वखार कशी आहे. वखारीचा वास आला की समजायचं, निपाणी आली.

श्रीपालचं लक्ष बॉनेटकडे होतं. नवीकोरी कॉइल पुढे तापत होती आणि किल्ली त्याच्या हातापासून वीतभर लांब होती. उस्तादांनी मनगट सोडलं नव्हतं.

...

अंधारून आलं. पंख्याच्या वाऱ्याबरोबर उग्र, डांबरट वास आत आला. तो कशाचा ते श्रीपालला लगेच कळलं. कॉइल भाजायला लागली होती.

काकू सावरून बसल्या. त्यांनी खोल श्वास घेतला.

“आला बघा वास,” त्या म्हणाल्या. “आली निपाणी.”

अण्णांनी किल्ली बंद केली. काकू आपल्याच दारात उतरल्या, उंबऱ्यावर पाय पुसले आणि समाधानानं घरात गेल्या. अण्णा त्यांच्यामागून पिशवी घेऊन गेले. त्यांनी वळून बघितलं नाही.

रस्त्याला लागल्यावर श्रीपाल म्हणाला, “मी विचारलं होतं, उस्ताद. किल्ली चालू ठेवता काय म्हणून. न्हाई म्हणाले.”

“कुठं विचारलास?”

“गॅरेजात.”

“कोण कोण होतं?”

श्रीपालला आठवलं. गिऱ्हाइकं होती. आपण हसतच विचारलं होतं, वय झालं की किल्ली विसरते म्हणून, आणि गिऱ्हाइकंही हसली होती. त्याला लाज वाटली.

“उद्या एकट्याला गाठून सांगतो,” तो म्हणाला. “किल्ली चालू ठेवू नका म्हणून.”

“सांग. तो ऐकंल. मग बाई फाटकाबाहेर जाईल...”

दुसऱ्या दिवशी श्रीपालनं गाडी परत गॅरेजात आणली. भाजलेली कॉइल बदलली. तिच्या वायरीत, डॅशबोर्डखाली हात घातल्याशिवाय सापडणार नाही असं चोरबटण बसवलं. ते बंद असलं की किल्ली फिरवा, दिवा लागेल, पंखा फिरेल, पण कॉइलला करंट जाणार नाही.

गाडी परत देताना त्यानं अण्णांना बाजूला घेतलं. चोऱ्या वाढल्यात, गाडी उभी असली की हे बटण बंद ठेवत जा, असं सांगितलं. किल्लीचं नाव काढलं नाही.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बरं केलंस, म्हणाले.

सोमवारी आलेलं गिऱ्हाईक त्यांनी परत पाठवलं.

काही दिवसांनी श्रीपाल पुन्हा लिंबाखाली आला. येताना भजी घेऊन आला होता. चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता, आणि तो लपवायचा त्याचा विचारही नव्हता.

“जमलं, उस्ताद. सकाळी एका किल्लीत चालू. रोज बसतात दोघं गाडीत, तरी कॉइल गार. हात लावून बघितलं मी. वास म्हणून न्हाई.”

उस्ताद भज्याकडे नेलेला हात तसाच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

...

“आणि निपाणी?” त्यांनी विचारलं. “निपाणी येती काय रे त्यांची?”