मळेखोलचा न मरणारा हिरण्यकश्यपू

मळेखोलच्या नृत्यशाळेत शिरताना एक दगडी उंबरठा लागतो. मधोमध तो इतका झिजलाय की पावसाळ्यात तिथे पाणी साचतं आणि चिमण्या त्यात आंघोळ करतात. पाहुण्यांना वाटतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी झिजला. पण त्यावर कोणी पाय ठेवत नाही, शाळेतली पोरं उडी मारून आत जातात. तो बसून बसून झिजलाय. कोण बसलं, आणि वैशाख शुद्ध चतुर्दशीला आजूबाजूच्या गावांत काळोख पडला तरी मळेखोलात उजेड का रेंगाळतो, या दोन्हींची गोष्ट एकच आहे. शाळेचे जुने मृदंगवाले जयरामकाका ती सांगतात. पाहुण्यांना उंबरठ्याबाहेर उभं करून सांगतात, आणि पाहुणे घड्याळ बघायला लागले तरी थांबत नाहीत.

फार पूर्वी, म्हणे, ही शाळा भानजीबुवांची होती. बुवा उभे राहिले की मागची भिंत लहान दिसायची. नुसत्या भुवईने ते दरबार उभा करत आणि बोटांच्या टोकांनी तो मोडून टाकत. आईबाप आपलं पोर त्यांच्या ओटीत घालत, बुवा त्याच्या पायात घुंगरू बांधत आणि अट सांगत : मी 'झाला' म्हणेपर्यंत हे सोडायचे नाहीत. तोवर घर नाही, लग्न नाही, मिशी नाही.

बुवांनी 'झाला' कधी कोणाला म्हटलंच नाही.

सगुण आठ वर्षांचा असताना शाळेत आला आणि त्याच वर्षी प्रल्हाद झाला. नरसिंह जयंतीच्या खेळात बुवा हिरण्यकश्यपू आणि तो प्रल्हाद. पुढे सगुणाचा आवाज फुटला, खांदे रुंद झाले, तरी तो प्रल्हादच. खेळाच्या दिवशी न्हावी येऊन त्याची हनुवटी दोनदा भादरून जाई. बुवांच्या कमरेएवढा दिसावा म्हणून तो गुडघे वाकवून नाचे. गावातल्या पोरी तोंडाला पदर लावून हसत. सगुण बुवांना म्हणे, "माका नरसिंह शिकवा."

बुवा पान जुळवता जुळवता म्हणत, "अजून कच्चो."

खरी गोम वेगळीच होती. मळेखोलच्या खेळात नरसिंह नव्हताच. बुवांनी तो काढून टाकला होता. नरसिंह आला की हिरण्यकश्यपूला उंबरठ्यावर त्याच्या मांडीवर मरावं लागतं. बुवांना मरायचं नव्हतं, खोटं खोटंसुद्धा. म्हणून दर वर्षी तिन्हीसांजेला बुवा खांबाकडे बोट करून गरजायचे, "आहे का तुझा हरी या खांबात?" सगुण डोळे मिटून म्हणायचा, "आहे." बुवा खांबाला लाथ मारायचे, मृदंग घुमायचा, गुलाल उडायचा, आरती होऊन मंडळी घरी जायची. राक्षस जिवंत तो जिवंतच. गावच्या एकाही शहाण्या म्हाताऱ्याला यात काही चुकतंय असं वाटलं नाही. प्रसाद वेळेवर मिळत होता.

मग एक वर्ष असं आलं, की बुवा गरजले आणि सगुणाने डोळे मिटले नाहीत. वाकवलेले गुडघे त्याने सरळ केले. तो बुवांपेक्षा उंच होता हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पद सोडून तो घरच्या बोलीत म्हणाला, "खांबात कोण नाय, बुवांनू. असतलो कसो? तुमी कोणाक शिकवलातच नाय."

मृदंग थांबला. आणि असं सांगतात, की त्याबरोबर संध्याकाळही थांबली.

सूर्य गेला होता, पण मागे राहिलेला केशरी उजेड हलेना. गुरं गोठ्याच्या दारात आली आणि निम्मी आत, निम्मी बाहेर अशी उभी राहिली. जाईच्या कळ्या अर्ध्या उमलून थबकल्या. खाडीची भरती वाळूवर येऊन मागे जायचं विसरली. बायकांनी समया पुसल्या, वाती भिजवल्या, पण ज्योत धरेना. पाळण्यातली पोरं न रडता, न झोपता नुसती बघत राहिली. देवाला इतकी वर्षं 'आहे' म्हणून गप्प बसवलं होतं. आता खरं बोललं गेलं होतं आणि तिन्हीसांज जागची हलायला तयार नव्हती. त्या वेळेला एक मरण लागत होतं.

गावचे मानकरी सगुणाला घेरून बसले. बुवांकडे जायची एकाचीही छाती नव्हती. "अरे, एक शब्द तर म्हणूचो आसा," ते म्हणाले. "आहे म्हण आणि मोकळो हो."

"इतकी वर्सां म्हटलंय," सगुण म्हणाला. "मोकळो झालंय?"

तेव्हा मानकरी त्याला कृतघ्न म्हणाले. तो शब्द नेहमीच हाताशी असतो.

सगुण खांबाला टेकून बसला. त्या उजेडात कशाचीच सावली पडत नव्हती. हा उजेड असाच राहिला तर आपणही कायमचा प्रल्हाद राहू, असं त्याला वाटलं. 'आहे' हा शब्द ओठांवर आलाही असता. पण समोरून बुवा आले. मुकुट काखेत होता. रंगाखालचा चेहरा म्हातारा होता.

"माझ्या गुरूक मीच नरसिंह होवन मांडयेर घेतलेलंय," बुवा हळू म्हणाले. "तेच्यानंतर तो ओसरीर बसान असायचो. कोण काय इचारी नाय. मांडयेरसून उठल्यार माणूस जाता खंय रे?"

"जेवूक," सगुण म्हणाला.

बुवा हसले, म्हणे. शाळेत त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

"ऊठ. पाय मांड. सिंह आदी पायात येता, मागसून तोंडात."

आणि त्या थांबलेल्या संध्याकाळी बुवांनी नरसिंह शिकवला. खांबातल्या काळोखात डोळे कसे उघडायचे ते शिकवलं. मग नखं, मग श्वास, मग पहिलं पाऊल. किती वेळ लागला? कोणी म्हणतं घटकाभर, कोणी म्हणतं बारा वर्षं. आकाश हललंच नाही, मग मोजणार कशाने? जयरामकाका एवढंच सांगतात, की शिकायला उभा राहिला तेव्हा सगुणाची हनुवटी गुळगुळीत होती आणि शिकून झालं तेव्हा त्याची दाढी छातीवर रुळत होती. आयाळ बांधावी लागली नाही.

सगुण खांबाआडून आला. तो आला तेव्हा गोठ्याच्या दारातली गुरं आत पळाली. त्याने बुवांना उचललं आणि उंबरठ्यावर बसला. ना घरात, ना बाहेर. बुवांचं ओझं काहीच लागेना, ते पिसासारखे वाटले. ज्या माणसाला इतकी वर्षं मनातल्या मनात फाडून काढलं, त्याच्या पोटावर नखं टेकवताना सगुणाला रडू आलं. बुवांनी मान मागे टाकली आणि त्याच्या कानाला लागून म्हणाले, "झाला."

त्या क्षणी रात्र पडली. सगळ्या समयांनी एकदम ज्योत धरली.

काही जण सांगतात, बुवा खरोखरच गेले. जयरामकाकांना ते पटत नाही. बुवा उठले, तोंड धुतलं आणि सगुणाच्या पंगतीला बसून दोनदा भात मागून घेतला, असं ते सांगतात. घुंगरू सोडलेले पाय पसरून सगुण शेजारी जेवत होता.

आजही वैशाख चतुर्दशीला शाळेचा सगळ्यात थोरला गुरू हिरण्यकश्यपू होतो आणि ज्याचं शिक्षण पुरं झालं तो नरसिंह. गुरूने उंबरठ्यावर, शिष्याच्या मांडीवर 'झाला' म्हणायचं, मग गावात दिवे. काही गुरू सरळ मरतात. काहींचा जीव अडकतो. ते एक गिरकी जास्त घेतात, संपलेलं पद पुन्हा उचलतात, खांबाकडे जायचं सोडून भलतीकडेच वळतात. तेवढा वेळ मळेखोलावर तो केशरी उजेड टांगून राहतो. पाहुणे फोटो काढतात. गावच्या बायका मात्र काडेपेट्या हातात घेऊन अंगणाच्या कडेला उभ्या असतात, आणि शेवटी त्यातली एखादी ओरडतेच, "बुवांनू, मरा आता! दिवे लावूचे आसत!"

मग बुवा कुरकुरत मांडीवर पडतात, आणि मळेखोलात रात्र होते.