भिंत शेठची, चित्र लाडकीचं

जव्हारकडच्या एका पाड्यावर चैत्या आणि त्याची थोरली बहीण लाडकी राहत. गावच्या शेठने नवा बंगला बांधला, तेव्हा दिवाणखान्यात वारली चित्र काढायला लाडकीलाच बोलावलं. शेठला शेणा-गेरूची भिंत नको होती, म्हणून त्याने तांबडा ऑइलपेंट मारून घेतला होता. त्यावर लाडकीने तांदळाच्या पिठीने तारपा नाच काढला. नाचणाऱ्यांच्या रांगेत शेवटी तिने स्वतःला काढलं आणि शेजारी चैत्याला काढून त्याचा हात आपल्या हातात दिला. पुढच्याच महिन्यात ती तापाने गेली.

चैत्या रोज बंगल्याच्या दाराशी येऊन ते चित्र बघत उभा राही. एकदा पाहुण्यांदेखत शेठ म्हणाला, "रोज काय दारात उभा राहतोस रे? बहिणीचं चित्र आहे ना, मग घेऊन जा घरी. पण भिंत माझी आहे. तिचा एक पोपडा जरी निघाला, तर बघ."

पाहुणे हसले. चैत्याचं डोकं फिरलं. त्याने खांद्यावरचा पंचा दाराशी ठेवलेल्या पाण्याच्या बादलीत भिजवला आणि आत शिरून एका दमात सगळी भिंत पुसून काढली.

"अरे मेल्या, पुसलंस काय?"

"पुसलं नाही शेठ, घेऊन चाललो. पोपडा निघाला असेल तर दाखवा."

आता पाहुणे शेठला हसले.

घरी येऊन चैत्याने तो पंचा आपल्या कुडाच्या भिंतीवर पिळला. पाणी वाळल्यावर तिथे पांढरा डाग उरला. त्या डागात तो लाडकीचा हात शोधत बसला.