एकदाच नेलेले पुस्तक

फार जुनी नव्हे, अलीकडचीच गोष्ट. एका बाजारगावी एक वृद्ध ग्रंथपाल होते. सारे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्या ग्रंथालयाचे काम शिकत होती. हुशार, टापटिपीची, आणि आकड्यांवर भारी जीव असलेली.

ग्रंथालयाची जागा एका व्यापाऱ्याची होती. त्यांना धान्यासाठी गोदाम हवे होते. "ग्रंथालयाचा गावाला काही उपयोग होतो, हे दाखवा. नाहीतर पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी करा," असा त्यांनी निरोप धाडला. शिष्या लगेच कामाला लागली. पंधरा दिवस खपून तिने कोणते पुस्तक वर्षभरात किती वेळा नेले गेले, याचा सुरेख तक्ता केला. सर्वांत वर एक जाडजूड धर्मग्रंथ, अठ्ठेचाळीस वेळा नेलेला. सर्वांत खाली शेळ्यांच्या आजारांवरचे एक बारीकसे पुस्तक. नेले एकदाच, परत आले नऊ महिने उशिरा, तेही कोपरा शेळीने खाल्लेला. ते रद्दीत काढायचे, असे तिने ठरवूनच टाकले होते.

व्यापारी आले. गुरुजींनी तक्ता कौतुकाने पाहिला, मग ते कुरतडलेले पुस्तक काखोटीला मारून म्हणाले, "शेटजी, चला, पाय मोकळे करू. आधी पहिल्या नंबराकडे, मग शेवटच्या." झाकून ठेवायची वस्तू गुरुजी मिरवत का निघाले, हे शिष्येला कळेना.

पहिले घर निवृत्त मामलेदारांचे. अंगणात साडीवर पापड वाळत होते आणि साडीच्या टोकावर धर्मग्रंथ विराजमान होता. "वाऱ्यानं उडतं हो," मामलेदारीणबाई मोकळेपणाने म्हणाल्या. "पापड संपले की लोणच्याच्या बरणीवर ठेवते. इतकं वजनदार दुसरं काही नाही, म्हणून दर आठवड्याला यांना पुन्हा नोंदवून आणायला सांगते."

व्यापारी पोट धरून हसले. शिष्येला मात्र धरणीने पोटात घ्यावे असे झाले. गेली जागा, तिने मनाशी म्हटले.

गावाबाहेरच्या वस्तीवर कोंडाबाई राहत. पुस्तक त्यांनीच नेले होते, आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. गुरुजींच्या काखेतले पुस्तक पाहून त्यांनी माहेरचे माणूस भेटावे तसे ते हातात घेतले.

"नऊ महिने का ठेवलंत?" शिष्येने जरा घुश्श्यातच विचारले.

"आमची सून सातवी शिकल्येय. ती रोज सांजच्याला वाचायची, समदी वस्ती ऐकायला बसायची. समद्यांचं पाठ व्हईस्तोवर परत कसं द्यायचं, बाई?"

व्यापाऱ्यांना गंमत वाटली. त्यांनी मधलेच पान उघडले. "शेळीचं पोट फुगलं तर?"

"गोडंतेल पाजायचं," भोवती जमलेल्या चार बायका एकदम बोलल्या.

"पण मान लई वर न्हाई करायची, ठसका लागतो," सुनेने बजावले.

"मागल्या साली अकरा करडं गेली," कोंडाबाई म्हणाल्या. "औंदा एकच. ते बी कुत्र्यानं नेलं. त्यावर पुस्तकात काय बी न्हाई."

व्यापारी बाजेवर बसले ते तासभर उठलेच नाहीत. उठले तेव्हा म्हणाले, "गुरुजी, गोदामाला मी दुसरीकडे जागा बघतो. यांना आता कुत्र्यांवरचं पुस्तक द्या." शिष्येच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आले.

ग्रंथालयात परतल्यावर ती तक्ता फाडायला निघाली. गुरुजींनी तिचा हात धरला. "फाडू नकोस, मुली. तुझे आकडे खोटे नाहीत. पुस्तक आपल्या दारातून किती वेळा बाहेर पडलं, एवढंच ते सांगतात. कोणाच्या घरी जाऊन त्यानं काय केलं, हे त्यांना ठाऊक नसतं. ते त्या घरालाच विचारावं लागतं. मोजदाद जरूर कर, पण ती झाली की चपला घाल."

शिष्येने तक्ता घडी घालून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी एक शिंपी शिवणकामाचे पुस्तक परत करायला आला. तिने शिक्का उचलला, पण खाली ठेवला आणि विचारले, "मग, याचं पुढे काय झालं?" शिंप्याला आजवर असे कोणी विचारले नव्हते. तो सांगत राहिला, आणि मागची रांग पुढे सरकायचे विसरून ऐकत उभी राहिली.