टाकी आणि मोटर

तारांना वाचा फुटल्यानंतरची ही गोष्ट. नीलांबरीबाईंनी दोन छोटे सर्किट बोर्ड एकाच टेबलावर घडवले. एक गच्चीवर टाकीपाशी बसला, त्याची मैत्रीण खाली मोटरीपाशी. मध्ये तारा.

तो दिवसभर सांगे, "टाकी रिकामी आहे, मोटर सुरू कर." खालून उत्तर येईना. कुंड्यांतल्या रोपांनी माना टाकल्या. ती आपल्याला विसरली, असं त्याला वाटे. तरी हाक मारायचा तो थांबला नाही.

शेवटी बाईंनी तारा तपासल्या. "दोघांच्या बोलायच्या तारा एकमेकींना जोडून बसले मी. मग ऐकणार कोण?" असं पुटपुटत त्यांनी एका टोकाला बोलायच्या आणि ऐकायच्या तारांची अदलाबदल केली.

लगेच त्याला तिचा आवाज आला. थकलेला होता.

"किती दिवस विचारतेय, वर कुणी आहे का?"