गारजाईच्या देवळाला छप्पर का नाही

खडवीच्या गारजाई देवीचे देऊळ बिनछपराचे आहे. चारी भिंती घडीव दगडाच्या, पण वर आभाळ. देवी उन्हात तापते, पावसात भिजते. आणि त्या देवळाच्या नक्षीदार सागवानी तुळया कुठे आहेत? वर डोंगराच्या कुशीत, सोन्याच्या पडक्या खाणीच्या तोंडाशी. खाण पाहायला येणारे आधी सोन्याचेच विचारतात. मग वाट दाखवणाऱ्या गावातल्या म्हाताऱ्या गुंडू आबांचा आवाज चढतो. म्हणतात, "सोनं गेलं खड्ड्यात. आधी तुळया बघा."

आबा सांगतात ती हकीकत अशी. खाण चालू होती तेव्हा खोदणाऱ्यांची एक रीत होती. आत जागोजाग दगडाचा एकेक खांब न फोडता ठेवायचा. त्याला 'डोंगराचा वाटा' म्हणत. खांबात सोने चमकत असले तरी त्याला छिन्नी लावायची नाही, कारण वरचा डोंगर त्याच्यावरच उभा.

गावच्या इनामदाराने देवळाचे काम काढले आणि कळसाला सोने कमी पडले. त्याची नजर त्या खांबांवर गेली. रवळू हा खाणीतला जुना माणूस. त्याने नाही म्हणून पाहिले. इनामदार म्हणाला, देवीचे काम आहे, देवी डोंगर तोलून धरील. एवढे म्हटल्यावर कोण मागे सरणार? रवळूच्या बायकोने, ठकूने, त्याची वाट अडवली होती म्हणे. तो एवढेच म्हणाला, "देवीचं नाव घेतलंय गं त्यांनी." आणि गेला. ठकूला देवीचा राग नव्हता. देवीला पुढे करून मागे उभा राहणाऱ्याचा होता.

खांब फोडला आणि डोंगर बसला. माणसे आत अडकली, पण जिवंत होती. दगडाला कान लावला की आतून हातोड्याची ठकठक ऐकू येई. ठकूला आपल्या माणसाचा ठोका ओळखू आला. ढिगारा उपसायचा तर वरच्या दगडाला टेकू हवा, आणि तेवढे जाड लाकूड पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होते, देवळाच्या आवारात, छपरासाठी आणून ठेवलेल्या तुळयांचे.

ठकू धावत खाली आली. इनामदार म्हणाला, लाकूड देवीला वाहिलेले आहे, विटाळ होईल.

"देवीच्या नावानं आत धाडलंसा न्हवं सरकार? मग देवीच्याच लाकडानं भाईर काढा."

त्याने आवाराचे दार लावून घेतले आणि पहारा बसवला. देवभक्त माणूस! ठकू दारावर थापा मारत राहिली. वरून बायका निरोप घेऊन येत होत्या, ठोके मंद झाले, थांबून थांबून येतात. शेवटी ठकूने थापा मारणे सोडले आणि दगड उचलला. तिच्यामागे सगळ्या बायकांनी उचलले. पहारेकरी गावचेच होते, त्यांचेही भाऊबंद आत होते. ते बाजूला झाले.

त्या अवजड तुळया बायकांनी खांद्यावर डोंगर चढवल्या. टेकू लागले, ढिगारा उपसला. रवळूचे अंग तेव्हा अजून ऊन होते, असे सांगतात. एकही जिवंत निघाला नाही.

इनामदाराने मग तुळया परत मागितल्या. त्याला लाज वाटली नाही. ठकू एका तुळईखाली जाऊन बसली. "काढा, माझ्या डोस्क्यावरनं काढा. आन् त्या देवळाला छप्पर घालशीला, तर माझ्या माणसाचा श्वास परत आणून घाला." इनामदाराला 'नाही' ऐकायची सवय नव्हती, पण वर चढून तुळईला हात लावायला त्याला एक माणूस मिळाला नाही. देऊळ तसेच उघडे राहिले.

पुढे छपरासाठी पैसे देणारे पुष्कळ आले. परवा एक शहरातला पुढारी स्लॅब घालून देतो म्हणाला, वर स्वतःच्या नावाची पाटी लावायची होती त्याला. बायकांनी त्याला खाणीची वाट दाखवली, म्हणाल्या, आतल्यांना विचारून या.

आजही जत्रेला गाव आधी डोंगर चढते. कुजलेल्या तुळईशेजारी नवा टेकू लावतात. मग गावातली सगळ्यात थोरली बाई दगडाने तुळईवर ठोकते आणि सगळे कान लावून उभे राहतात. आतून काही येत नाही. थोरली बाई म्हणते, "उशीर केला इनामदारानं." त्यानंतरच गाव खाली उतरते आणि देवीची घंटा वाजते.