काठावरची साखर

द्राक्षबागायतदार माणिकरावांपुढे गावात कुणी ब्र काढत नसे. आरोग्य शिबिरात त्यांच्या बायकोची, हौसाबाईची, रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर निघाली. तिच्या आईचा पाय साखरेनंच गेला होता. म्हणून ती गावच्या बायकांबरोबर रोज सकाळी चालायला जाऊ लागली.

माणिकराव चारचौघांत हसले. "रोगाचा पत्ता नाही अन् हिचे उपचार सुरू! झाला की बघू. उद्यापासून घरात बस."

दुसऱ्या दिवशी पहाटेच आभाळ भरून आलं. ढगाळ हवेत द्राक्षांवर रोग पडतो, म्हणून माणिकराव औषध फवारायला धावले, तशी हौसाबाई दारात आडवी उभी राहिली.

"बागेत रोग कुठं दिसतोय? झाला की बघू."

"अगं, दिसेपर्यंत थांबलो तर बाग हातची जाईल!"

"अहो, मग माझ्यावरही आभाळच आलंय."

माणिकराव हळूच म्हणाले, "जा, बायका खोळंबल्या असतील."