पोतदारणीच्या पाटल्या

फार पूर्वी, नाणी चामडी पिशव्यांतून फिरायची त्या काळात, नदीकाठच्या एका बाजाराच्या गावात एक पेढी होती. विणकर, तेली, गवंडी, नावाडी, सगळे आपली शिल्लक तिथं आणून ठेवत. पेढी त्यातला निम्मा पैसा तिजोरीत ठेवी आणि निम्मा कर्जाऊ देई, कुणाला मागासाठी तर कुणाला होडीसाठी. साऱ्या गावाचं गाडं त्यावर चाले.

पेढीचे थोरले शेठ पगार बेताचाच देत. पण दुपारी पेढीच्या स्वयंपाकघरात सगळ्यांची पंगत बसे आणि शेठही त्याच पंगतीत बसत. कुणाच्या घरी आजारपण आलं की वैद्याचा खर्च पेढी करी. पहारेकऱ्याला दरसाल नव्या वहाणा मिळत. दिवाळीला प्रत्येकाच्या घरी लुगडं जाई.

पेढीची रोकड एक पोतदार सांभाळी. गिऱ्हाईक आलं की तो आधी पाणी विचारी, मग काम. एखादा विणकर शिल्लक काढायला आला तर म्हणे, "सगळे कशाला काढतोस रे? लेकीचं लग्न माघात ना? तोवर राहू दे की, व्याज तरी मिळेल." दाराशी बसणारा पहारेकरी म्हाताऱ्या माणसांना पैशांसकट घरापर्यंत पोचवून येई. ही कामं त्यांना कुणी नेमून दिलेली नव्हती.

थोरले शेठ वारले. त्यांचा मुलगा दूरच्या शहरात हिशेब शिकून आला होता, तो गादीवर बसला. तो वाईट नव्हता. त्याने कुणाचा पगार कापला नाही, उशिरा दिला नाही. त्याने फक्त खर्च तपासला.

"मुनीमजी," तो म्हणाला, "लोक आपल्याकडे पैसे ठेवतात ते पेढीच्या नावावर. नोकरांच्या जेवणावर नाही. मग ही पंगत कशाला?"

मुनीम म्हणाला, "पहिल्यापासून आहे, शेठ."

"पहिल्यापासून आहे हे काही कारण झालं नाही."

पंगत बंद झाली. वहाणा बंद झाल्या. लुगडं बंद झालं. शेवटी वैद्याचा खर्चही बंद झाला, आणि नेमक्या त्याच महिन्यात पोतदाराची बायको तापाने अंथरुणाला खिळली.

पोतदार शेठपुढे उभा राहिला. "मालक, हिचा ताप उतरत नाही. वैद्यबुवा म्हणतात, औषध लांबेल..."

"काका, पगार वेळेवर मिळतो ना?"

"मिळतो."

"वाढवून मागायला आलात का?"

"नाही, मालक."

"मग?"

पोतदार म्हणाला, "काही नाही." आणि रोजच्यासारख्या तिजोरीच्या किल्ल्या त्याने शेठच्या पुढ्यात ठेवल्या.

वाचलेल्या पैशांतून शेठने तिजोरीला नवं पोलादी दार बसवलं. हत्ती धडकला तरी हलणार नाही, असं. तिजोरी पूर्वी कधी नव्हती इतकी भरली. शेठला वाटलं, वडिलांना जे जमलं नाही ते आपण करून दाखवलं.

पेढीतली कामं चालूच होती. पोतदार नाणी मोजून देई, एक इकडची तिकडे होत नसे. पण पाणी कुणी विचारत नव्हतं. लग्न माघात आहे की चैत्रात, हेही कुणी विचारत नव्हतं. एका म्हातारीने पहारेकऱ्याला म्हटलं, "बाबा, घरापर्यंत येतोस का रे? अंधारून आलंय." तर तो म्हणाला, "आजी, मला दाराचा पगार आहे, रस्त्याचा नाही."

शेठने ते ऐकलं. त्याला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

गावात एक कासारीण होती. दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरायची. लेकीच्या लग्नासाठी जमवलेला पैसा तिनेही पेढीत ठेवला होता. एके दिवशी ती पोतदाराच्या घरी गेली. पोतदारीण खाटेवर पडली होती. कासारीण तिचा हात हातात घेऊन बघते तर दचकलीच.

"वहिनी, पाटल्या कुठायत हो?"

"औषधात गेल्या," पोतदारीण हळूच म्हणाली.

"आणि पेढी?"

"पेढी आता देत नाही."

कासारीण बांगड्या न भरताच उठली. घरोघरी हात बघणारी बाई ती! संध्याकाळपर्यंत तिने चार घरी सांगितलं, "ज्याच्या हातात गावाचा पैसा, त्याच्या बायकोच्या हातात पाटली नाही. काय समजायचं ते समजा."

"अगं, पहारेकऱ्याच्या वहाणा बघितल्यास? सुतळीने बांधल्यात," तेलीण म्हणाली.

"स्वयंपाकघरातनं धूर येईनासा झालाय कधीचा," नावाडी म्हणाला.

"मग नवं दार कशाला बसवलं?"

"कशाला म्हणजे? आत काही उरलं नाही, ते दिसू नये म्हणून!"

दुसऱ्या दिवशी शेठ पेढीवर आला आणि कोपऱ्यावरच थबकला. पेढीच्या दारापासून बैलबाजारापर्यंत माणसांची रांग लागली होती. आज कुठला तरी सण आहे, असंच त्याला आधी वाटलं. मग पिशव्या दिसल्या. सगळ्या रिकाम्या होत्या.

तो धावत दाराशी गेला आणि रांगेत सर्वांत पुढे कोण उभं आहे ते बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. पहिला त्याचाच पहारेकरी होता, भाला भिंतीला टेकवून. त्याच्यामागे पेढीचा पाणक्या. त्याच्यामागे पोतदार. गावाच्या आधी त्याची स्वतःची माणसं आपली शिल्लक काढून घ्यायला आली होती!

"काका, तुम्ही? तुमची जागा आत आहे!"

"आज मी गिऱ्हाईक आहे, मालक."

"तिजोरी भरलेली आहे! काल तुम्हीच कुलूप लावलंत. सांगा ना या लोकांना!"

"भरलेली आहे हे मला ठाऊक आहे," पोतदार म्हणाला. "पण मी सांगितलं तर लोक माझ्या तोंडाकडे बघणार नाहीत, माझ्या बायकोच्या हातांकडे बघतील."

शेठ पहारेकऱ्याकडे वळला. "तू तरी काही बोल!"

"पहाऱ्याचा पगार आहे, शेठ. लोकांना धीर देण्याचा नाही."

शेठने मनात हिशेब केला. तिजोरी कितीही भरली असली तरी निम्मा पैसा मागांत आणि होड्यांत अडकलेला होता. सगळा गाव एकाच दिवशी मागायला आला तर पेढी सूर्यास्त बघणार नव्हती. पैसा असूनही ती बुडणार होती, आणि बुडण्याचं कारण होतं त्याने वाचवलेला पैसा.

तेवढ्यात मुनीम आतून बाहेर आला. तो कानाशी लागला, "शेठ, मागच्या दाराशी गाडी उभी केलीय. निघेल तेवढं घ्या आणि मामांच्या गावी चला. मागचं मी बघतो."

शेठने मागच्या दाराकडे पाहिलं. मग पुढच्या दाराबाहेर पाहिलं. पहारेकऱ्याच्या वहाणांची सुतळी त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

त्याने पोलादी दार सताड उघडलं आणि पिशव्या उंबऱ्यावर आणून ठेवल्या. आधी त्याने नोकरांना पुढे बोलावलं. बंद झाल्यापासूनचा वैद्याचा खर्च, वहाणा, लुगडं, जेवण, सगळ्याचे पैसे तो हाताने मोजून देऊ लागला.

मुनीम ओरडला, "अहो, वेड लागलंय का? आज एकेक नाणं मोलाचं आहे!"

"बुडायचंच असेल," शेठ म्हणाला, "तर यांचं यांना देऊन बुडू."

पळून जाणारा शेठ रांगेतल्या लोकांनी ऐकला होता, दार लावून घेणारा ऐकला होता. बुडताना नोकरांचं आधी चुकवणारा कुणी पाहिला नव्हता. पोतदाराने पैसे घेतले, शेठकडे एकदा पाहिलं आणि तो निघून गेला.

शेठ एकटाच पैसे देत बसला. त्याची मोजणी चुकत होती. लोक येत होते आणि घेऊन जात होते. कासारणीची पाळी यायला दुपार झाली. ती पुढे सरकली, तेवढ्यात मागून कुणीतरी गर्दीतून वाट काढत आलं. तो पोतदार होता. वैद्याला बायकोकडे पोचवून आला होता. पायातल्या वहाणा काढून तो आत गेला आणि आपल्या जागेवर बसला.

"या बाई. आधी पाणी घ्या. उन्हात उभ्या आहात."

कासारीण त्याच्याकडे बघतच राहिली. "तुमची शिल्लक काढलीत ना, पोतदार?"

"माझं पेढीकडे जे निघत होतं ते घेतलं. शिल्लक इथंच आहे."

"इथंच?"

"इथंच."

कासारणीने रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोचली. "मग माझीही राहू द्या. पण ऐका, शेठ. वहिनींच्या हातात पाटल्या परत आल्यात का, ते बघायला मी दर महिन्याला त्यांच्या घरी जाणार आहे. नाही दिसल्या तर त्याच पावली इकडे येईन."

तिच्यामागचे दोघे हसले. कुणीतरी रांग सोडली, मग आणखी कुणीतरी. पहारेकऱ्याने भिंतीचा भाला उचलला आणि एका म्हातारीला विचारलं, "आजी, घरी सोडू का?"

पेढी वाचली, पण पूर्वीची राहिली नाही. अनेकांनी सकाळीच पैसे नेले होते, ते काही वर्षं परतले नाहीत. पोलादी दार विकावं लागलं. शेठने जुनं लाकडी दार पुन्हा बसवलं आणि स्वयंपाकघराची चूल पेटवली. पहिल्या दिवसापासून तोही पंगतीत बसू लागला.

त्यानंतर पेढीची तिजोरी भरली आहे का, असं गावात कुणी विचारलं नाही. लोक दुपारी नुसते मान वर करून पेढीच्या धुराड्याकडे बघत. धूर दिसला की आपापल्या कामाला लागत.

तात्पर्य: पगाराने माणूस जागेवर बसतो, पण आपल्याला कुणी आपलं मानतं हे कळल्याशिवाय तो कुणासाठी उभा राहत नाही. आणि जी पेढी आपल्या माणसांना सांभाळत नाही, तिच्यावर गाव भरवसा ठेवत नाही.